आखूड साखळी

राज्य वेगळं झालं त्या वर्षी माझ्या थोरल्या भावानं जीपवरचा झेंडा बदलला, घरातल्या भिंतीवरचे फोटो बदलले आणि बोलताना मधूनमधून तेलुगू शब्द घालायला सुरुवात केली. त्याआधी वर्षभर तो राज्य वेगळं होऊ नये म्हणून भाषणं करत होता. ती भाषणं ऐकलेली माणसं गावातच होती, त्यातली निम्मी आता त्याच्या नव्या सभेत पुढच्या रांगेत बसत होती. दादाला लाज वाटत नव्हती हे मी समजू शकत होतो, कारण लहानपणापासून त्याला ती कधी वाटलेली मी पाहिली नव्हती. पण ऐकणाऱ्यांनाही वाटत नव्हती.

आमचं घर आदिलाबाद जिल्ह्यातलं, बाजारहत्नूरच्या बाजूचं. थोडा कापूस, थोडी ज्वारी, आणि दादानं पुढं वाढवलेला सरकीचा व्यापार. मी मात्र त्यातून लवकर सुटलो. आदिलाबादला यंत्रकाम शिकलो, मग मुंबईच्या बंदरात गेलो, आणि बोटींवर काम करत करत परीक्षा देऊन एका कारखानदाराच्या यॉटचा कप्तान झालो. कप्तान म्हटलं की आमच्याकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढं पांढरी टोपी आणि दुर्बीण येते. खरं काम वेगळं होतं. मालकाचे पाहुणे समुद्रात जाऊन पीत, नाचत आणि मग कठड्यावरून ओकत. ते सगळं चालू असताना बोट जागची हलू न देणं, हे माझं काम. बोट कुणीही चालवतो. उभी ठेवायला अक्कल लागते.

त्या कारखानदाराच्या मुलाला मोठी बोट हवी झाली, म्हणून जुनी विकायला काढली. दिवाळीला घरी फोन केला तेव्हा मी हे वहिनीला सहज सांगितलं. फोन दादाजवळ गेला आणि त्यानं विचारलं, "किती मानसं बसतात तिच्यात?"

"काऊन? तुले काय कराचं हाय?"

"तू सांग ना लेका. किती बसतात?"

मी सांगितलं, आणि थट्टेनं म्हणालो की आपल्या तळ्यात टाकायची का? दादाला थट्टा कळत नाही. आठवडा उलटायच्या आत तो मुंबईत हजर झाला, पांढऱ्या कपड्यांत, बरोबर चमचेगिरी करणारी दोन माणसं घेऊन. बोटीवर चढताना त्यानं चपला काढल्या नाहीत. बिछान्यावर बसून पाहिलं, संडासाची साखळी ओढून पाहिली आणि म्हणाला, "पसंत हाय." इंजिन त्यानं बघितलंही नाही.

जंगल सुरू होतं त्या कडेला आमच्याकडं एक मोठा तलाव आहे. पाटबंधाऱ्याचा. काठाला मासेमारांच्या होड्या, म्हशी, आणि टेकडीवर एक छोटं देऊळ. त्या तलावावर चाळीस फुटी पांढरीशुभ्र यॉट निर्मळच्या घाटातून लांबलचक ट्रेलरवर चढवून आणली. वाटेत दोन ठिकाणी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागल्या. बोटीबरोबर मीही आलो, आता दादाचा पगारी कप्तान म्हणून. गावोगावची माणसं रस्त्यावर उभी होती, आणि दादा ट्रेलरच्या पुढं उघड्या जीपमध्ये उभा राहून हात हलवत होता. कुणीतरी विचारलं, "कोन निवडून आलं?"

क्रेननं बोट पाण्यात उतरवली. मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा राहून ओरडलो, "नांगर टाकाचा हाय, बाजूले व्हा!" काठावरचे शेतकरी एकमेकांकडं पाहू लागले. एक म्हातारा खो खो हसत म्हणाला, "पान्यात नांगरून राह्यला का बावा?" मला हसू आलं. दादाला नाही आलं. त्याला वाटलं, लोक त्याला हसतायत.

त्या दिवशी वहिनी माझ्याबरोबर बोटीवर आली. ती पूजेचं ताट घेऊन आली होती, पण पूजा झाल्यावर उतरली नाही. वहिनी नार्नूरकडची. तिच्या वडिलांचा भाजीचा मळा होता आणि लग्नाआधी ती बैलगाडी हाकत बाजाराला जायची. आमच्या घरात आल्यापासून ती फक्त ताट घेऊन उभी राहायची. दादाला ती शोभेपुरती लागे.

"भाऊजी, हे एवढं जड लोखंड पान्यात टाकलं म्हंजे बोट थांबते का?"

"नाई थांबत," मी म्हणालो. "सगळ्यांले तसंच वाटते."

मग मी तिला सगळं दाखवलं. बोटीचं तोंड वाऱ्याकडं केलं, थांबू दिली, आणि नांगर हळू तळाला टेकवला. फेकला नाही. मग बोट मागं सरकू दिली आणि सरकेल तशी साखळी सोडत गेलो. पाणी जेवढं खोल, त्याच्या पाचपट तरी साखळी बाहेर पाहिजे. वाऱ्याचे दिवस असले तर सातपट. बोटीला नांगर धरत नाही, साखळी धरते. ती तळावर आडवी पडून राहते, म्हणून नांगराला ओढ बसते ती आडवी, आणि आडव्या ओढीनं त्याचा फाळ गाळात आणखी रुतत जातो. साखळी आखूड ठेवली की ओढ वर लागते. मग तोच नांगर मुळ्यासारखा उपटून येतो.

इंजिन उलटं लावून मी साखळीला ताण दिला. काठावरचं देऊळ आणि त्यामागचं ताडाचं झाड एका रेषेत धरून बघितलं. रेषा मोडली नाही, म्हणजे नांगर बसला. मग शेवटचं काम. जाड नायलॉनचे दोन दोर, त्यांच्या टोकाला पोलादी आकडा. आकडा साखळीच्या कडीत अडकवायचा, दोरांची दुसरी टोकं नाळेवरच्या डाव्या-उजव्या खुंट्यांना बांधायची आणि साखळी आणखी हातभर सोडायची. म्हणजे ताण दोरांवर येतो आणि आकड्यापासून बोटीपर्यंतची साखळी सैल लोंबते. या दोरांना बोटीवाले स्नबर म्हणतात. साखळीला ताणलं की ती लांबत नाही, झटका देते. नायलॉन लांबतं आणि झटका पिऊन टाकतं. साखळी ओढायचं जे यंत्र असतं त्याचे दातही त्यामुळं वाचतात. ते यंत्र साखळी वर घ्यायला असतं, बोट धरून ठेवायला नसतं.

वहिनी त्या दोरावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. वारा आला की दोर तिच्या हाताखाली लांबे, वारा गेला की आखडे.

"श्वास घेऊन राह्यला," ती म्हणाली.

बोटीवरची शहाणी म्हणवणारी किती माणसं मी पाहिली होती. त्या दोराकडं असं कुणी पाहिलं नव्हतं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष बोटीचा उपयोग एवढाच झाला की दादा पाहुणे आणायचा. मंडलाचे, जिल्ह्याचे, पक्षाचे. सगळे चढताना चपलांनी चिखल आणत आणि उतरताना एकच प्रश्न विचारत, की ही बोट समुद्रात जाते का. मी म्हणे, जाते, पण आता समुद्र इथं आणावा लागेल. ते मान हलवत. एकानं तर विचारलंही, की त्यासाठी अर्ज कुणाकडं करायचा.

मग जिल्हा फुटायची बातमी आली. एका जिल्ह्याचे अनेक होणार. ज्यांच्या गावाला कधी पक्का रस्ता मिळाला नव्हता ती माणसंही रात्रंदिवस नकाशे काढून बसली. आमच्या तलावाचं असं झालं की नवी हद्द थेट पाण्यातून गेली. कुणा साहेबानं कागदावर पट्टी ठेवून रेघ ओढली असणार. खाली पाणी आहे हे त्याला दिसलं नसेल, किंवा दिसूनही फरक पडला नसेल. अलीकडचा काठ जुन्या जिल्ह्यात राहिला, पलीकडचा काठ आणि सांडव्याची बाजू नव्या जिल्ह्यात. दोन्ही काठांवर गिरदावरांनी, म्हणजे महसूल खात्याच्या माणसांनी, चुन्यानं रंगवलेले खांब पुरले. पाण्यात खांब पुरता येत नाही म्हणून तेवढं राहिलं.

आणि एके दिवशी दोन साहेब आले. एक इकडचे, एक तिकडचे. दोघंही नव्यानं नेमलेले, दोघांचे बूट नवे. दादानं त्यांना बोटीवर आणून काजू खायला घातले. तलावावर पर्यटन सुरू करायचं, त्याची एक समिती नेमायची, आणि समितीचा अध्यक्ष कुणाला करायचं असा विषय होता. दादाचा चेहरा त्या वेळी लग्नातल्या नवरीसारखा झाला होता.

तेवढ्यात वारा फिरला आणि नांगरावरची बोट नेहमीप्रमाणं शांतपणे वळून दुसऱ्या बाजूला गेली. तिकडच्या साहेबांनी काठावरचे खांब पाहिले, डोळा बारीक करून रेघ जुळवली आणि म्हणाले, "अब तो बोट हमारे जिल्हे में है."

इकडच्या साहेबांनी काजू खाली ठेवला. "कैसे? अभी तो इधर थी."

दोघं माझ्याकडं पाहू लागले, जणू मीच ती ढकलली होती. मी सांगितलं की नांगर एकाच जागी आहे, बोट त्याच्याभोवती वाऱ्याबरोबर फिरते, फिरायलाच पाहिजे.

"काऊन फिरते?" दादानं विचारलं. बोट घेऊन त्याला जवळजवळ दोन वर्षं झाली होती.

"लंबी साखळी हाय म्हणून."

"मंग आखूड कर!"

इकडच्या साहेबांना हा तोडगा इतका आवडला की त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. उद्घाटनाच्या दिवशी बोट जिल्ह्याच्या हद्दीबाहेर जाता कामा नये, असं त्यांनी तोंडी फर्मावलं. मी पाण्याची खोली, ओढ, वाऱ्याचे दिवस, सगळं सांगितलं. तिकडचे साहेब ऐकत होते. त्यांना आवडतही होतं, कारण लांब साखळीत त्यांचा फायदा होता. इकडच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. दादा म्हणाला, "हा समुद्रावरून आला ना साब, इसको सब जगह तूफान दिखता है." सगळे हसले. मी हसणाऱ्यांचे चेहरे नीट पाहून घेतले. एकाही चेहऱ्यामागं काही चाललेलं दिसत नव्हतं.

मी साखळी आखूड केली नाही. जागा बदलायला तयार होतो, अलीकडं काठाजवळ न्यायला तयार होतो. पण तिथून फोटोत डोंगर येत नव्हता म्हणून दादाला ते नको होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी इंजिनाचा एक भाग आणायला आदिलाबादला गेलो, तो मिळाला नाही म्हणून तिथंच थांबलो आणि सकाळी परत आलो. तलावावर पोचलो तर काठावर मोठी स्वागत कमान उभी होती, तिच्यावर दादाचा फोटो, आणि वाऱ्यानं ती पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकून ताणलेले दोर. माझे नायलॉनचे दोर. त्यांचे चार तुकडे केले होते. पोलादी आकडा मंडपवाल्यानं जनरेटरची गाडी ओढायला नेला होता. जनरेटर मात्र आलाच नव्हता.

"ते दोर समोर लोंबून राह्यले होते," दादा म्हणाला. "फोटोत धुनं वाळत घातल्यासारखं दिसे."

होडीनं बोटीवर गेलो. दादाच्या माणसांनी यंत्रानं ओढून आखूड केलेली साखळी नाळेवरून सरळ पाण्यात उतरली होती, विहिरीतल्या दोरासारखी. आणि केबिनमधून दोन वायरी भोंग्यांकडं गेल्या होत्या. जनरेटर नाही म्हणून पहाटेपासून माझ्या बॅटऱ्यांवर भक्तिगीतं वाजत होती. मी वायरी उपटल्या. इंजिनाचं बटण दाबलं तर आतून फक्त एक टक् आवाज आला. वारा पडलेला, इंजिन बंद, बोट मागं घेता येत नव्हती; नुसती साखळी सोडली असती तर नांगरावर तिचा ढीग पडला असता.

काठावर परत येऊन मी दादाला म्हणालो, "आज कोनालेच बोटीवर घ्याचं नाई. इंजिन चालू होत नाई, नांगर धरत नाई."

"बोट चालवाची कुठी हाय? उभीच तर ठेवाची हाय. तुले तेवढंच येते ना?"

मला राग आला नाही. रागासाठी समोरच्याला थोडी किंमत द्यावी लागते.

लाइफ जॅकेटं काठावरच्या पोत्यात बांधून ठेवलेली होती. नारिंगी रंग पांढऱ्या कपड्यांवर वाईट दिसतो म्हणून. मी ते पोतं होडीत टाकून बोटीवर आणलं, एवढंच माझ्या हातात होतं. पाहुणे आले. दोन्ही साहेब, प्रमुख पाहुणे, त्यांच्यामागून हांजी हांजी करणारी पंधरा-वीस माणसं. वहिनी ताट घेऊन आली. तिनं नाळेकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "दोर कुठी गेले भाऊजी?"

"कमानीले बांधले."

ताट तिनं खाली ठेवलं आणि पदर कमरेला खोचला.

परतीच्या पावसाचे दिवस होते. दुपारी डोंगराच्या मागून काळं आलं आणि प्रमुख पाहुणे बोलत असतानाच वारा सुटला. पहिल्या झोताला बोट मागं गेली आणि साखळीच्या टोकाला जाऊन अशी आदळली की पाहुण्यांच्या हातातला बंद माइक पडला. दुसऱ्या झोताला साखळीच्या यंत्रातून दात मोडल्याचा आवाज आला. मी देवळाकडं पाहिलं. देऊळ ताडापासून सुटून बाजूला चाललं होतं. नांगर उपटला होता आणि बोट उलटी, पाठमोरी, सांडव्याकडं निघाली होती. तलाव भरलेला, सांडव्यावरून पाणी कोसळत होतं. त्याचा आवाज आता भाषण थांबल्यानं सगळ्यांना ऐकू येत होता.

दादा पाहुण्यांना म्हणाला, "साब, कुछ नहीं, ये प्रोग्राम का ही हिस्सा है."

मी जॅकेटांचं पोतं त्यांच्या अंगावर उपडं केलं आणि नाळेकडं धावलो. वहिनी माझ्याआधी तिथं पोचली होती. यंत्राचा ब्रेक सैल करून मी उरलेली साखळी सुटू दिली. ती खडखडत पळाली. शेवटाकडची लाल रंगाची खूण दिसली तशी मी नाळेवरची पोलादी खीळ कडीत घातली. साखळी थांबली. तळाशी आता पुष्कळ साखळी आडवी पडली होती, नांगराला आडवी ओढ मिळाली होती, पण प्रत्येक झोताला ती एवढीशी खीळ डोळ्यांदेखत वाकत होती. ती तुटली असती तर साखळी, नांगर सगळं तळाशी राहिलं असतं आणि आम्ही सांडव्यावरून खाली.

बोट काठाला बांधायचे दोर मागच्या बाजूला होते. मी दोन आणले. नाळेवर पालथा पडून एक दोर खिळीच्या पुढं साखळीला आवळला. ओढ बसेल तशी घट्ट होत जाणारी गाठ असते, ती मारली. दुसरं टोक डाव्या खुंट्याला दोन वेढे घालून वहिनीच्या हातात दिलं.

"वारा दम घेते तवा बोट पुढं येते. तेवढ्यात वढा. झोत आला की फक्त धरा. सोडू नका."

"मले समजलं."

तिनं पाय नाळेच्या कडेला रोवले आणि मागं रेलली, डोंगरउतारावर गाडी आवरणाऱ्या माणसासारखी. झोत आला की धरून ठेवी, वारा मंदावला की हातभर ओढून घेई आणि पुन्हा वेढा आवळी. तोवर मी दुसरा दोर उजव्या खुंट्याला नेला. चार-पाच झोत गेले. मग एकदा बोट थरथरली, थांबली, पुन्हा जराशी सरकली, आणि साखळी हळूहळू ताठ झाली पण झटका आला नाही. दोर लांबला आणि परत आखडला. ओढ दोरांवर आली होती. खिळीभोवतीची कडी सैल लोंबत होती.

मी काठाकडं पाहिलं. एक झाड आणि एक खडक एका रेषेत धरले. रेषा मोडत नव्हती. सांडवा जवळ होता, पण जवळच राहिला.

मागं वळून पाहिलं तर प्रमुख पाहुणे डेकवर बसून देवाचं नाव घेत होते. इकडचे साहेब कठड्यावरून ओकत होते. तिकडचे साहेबही ओकत होते, पण मधेच त्यांनी मान वर केली, काठावरचा चुन्याचा खांब पाहिला आणि ओठ पुसत म्हणाले, "बोट हमारी हद्द में आ गई है. पंचनामा होगा."

इकडचे साहेब त्या अवस्थेतही म्हणाले, "नहीं होगा."

पावसात, जॅकेटं उलटी घालून, ते दोघं हद्दीवरून भांडले. दादा दोघांच्या मधे उभा राहून दोघांनाही "बराबर है साब" म्हणत होता. समुद्रावर इतकी वर्षं काढून मला कधी ओकारी आली नव्हती. त्या दिवशी त्यांचं ऐकून ती यायची तेवढी राहिली.

वारा गेल्यावर मासेमारांनी होड्यांतून सगळ्यांना पलीकडच्या काठावर उतरवलं. वहिनीच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. दादानं ती पाहिली नाहीत, कारण तो प्रमुख पाहुण्यांचे बूट शोधत होता.

बोट तिकडच्या जिल्ह्यातच राहिली. पंचनामा झाला. आठ-दहा दिवस दादा घरात तोंड लपवून बसला आणि सगळा दोष माझ्यावर ढकलत राहिला: पगारी कप्तान असून नांगर नीट टाकला नाही. मग त्याला कळलं की तिकडच्या जिल्ह्यात पर्यटनाची समिती आधी होणार आहे, आणि बोट त्यांच्या हद्दीत असल्यानं अध्यक्षही त्यांनाच नेमायचा आहे. दुसऱ्या सकाळी तो अंघोळ करून, नवं गंध लावून तिकडच्या साहेबांकडं गेला आणि त्यांना सांगितलं की साखळी आपण मुद्दाम आखूड केली होती. वाऱ्याचा अंदाज घेऊन. बोट तुमच्या जिल्ह्यात यावी म्हणून.

साहेबांनी ते मानलं. खरं वाटलं म्हणून नव्हे; कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं असं वाटून घ्यायला त्यांना आवडलं म्हणून.

दादा अध्यक्ष झाला. पलीकडच्या गावात सत्काराची सभा झाली आणि घरच्यांनी यायलाच पाहिजे असा हुकूम निघाला. मी सभा पाहायला नाही, वहिनीला सोबत म्हणून गेलो. ती बायकांमध्ये बसली, हातांना अजून हळदीची पट्टी होती. दादानं व्यासपीठावरून तुफानाची गोष्ट सांगितली. तीत लाटा ताडाएवढ्या झाल्या होत्या. मी त्या गोष्टीत नव्हतो. शेवटी आवाज भरून तो म्हणाला, "अशा वेळी माझ्या घरच्या लक्ष्मीनं देवीला नवस बोलला, आणि बोट जागची थांबली!"

वहिनी उठून उभी राहिली. तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मी नवस नाई बोलले. मी दोर धरला होता."

मग समोरच्या रांगेतल्या कुणाला तरी वाटलं की हा भाषणाचाच भाग आहे, आणि त्यानं टाळी वाजवली. त्याचं बघून सगळ्यांनी वाजवली. दादानंही वाजवली. वहिनी सगळ्या मांडवाकडं एकदा बघून घेत खाली बसली. तिची ती नजर मी ओळखली. ती माझी होती. पण माझ्या नजरेत इतकी वर्षं नुसता कंटाळा होता. तिच्या नजरेत काहीतरी ठरल्यासारखं होतं.

परतताना जीपमध्ये ती दादासमोरच मला म्हणाली, "भाऊजी, मले बोट चालवाले शिकवा."

"तुले कायले पायजे?" दादा म्हणाला.

"तुमाले नाई इचारलं."

मी पुण्याहून साखळीच्या यंत्राचे भाग मागवले, नायलॉनचे नवे दोर आणले आणि तिला शिकवलं. दादा आधी संतापला. मग वर्तमानपत्रात बोट चालवणाऱ्या बाईचा फोटो छापून आला, त्याच्या कडेला त्याचा अर्धा खांदा आला, आणि तो लोकांना सांगू लागला की ही कल्पना आपलीच. त्यानंतर मी उटनूरला मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तिथं मूर्ख माणसं येतात, पण एकेक करून येतात, एवढं सहन होतं.

वहिनी आता सुट्टीच्या दिवशी शाळेच्या पोरांना बोटीतून फिरवून आणते. जिथं तळ चांगला लागेल तिथं नांगर टाकते आणि हवी तेवढी साखळी सोडते. बोट वाऱ्याबरोबर या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जाते आणि परत येते. दोन्ही साहेबांच्या बदल्या झाल्या. नव्या आलेल्यांना तलावात हद्द आहे हे अजून कुणी सांगितलेलं नाही. दादा दर वेळी काठावर येऊन उभा राहतो, मला पण घे म्हणतो. ती म्हणते जागा नाही.